बार फिलिप्स

फिलिप्स, बार : (२७ ऑक्टोबर १९३४ – २८ डिसेंबर २०२४). अमेरिकन डबल बासवादक (डबल बास म्हणजे व्हायोलिनसारखे दिसणारे, उभे धरून वाजवायचे मोठे खर्जाचे वाद्य) व मुक्त उत्स्फूर्त संगीताच्या पहिल्या फळीतील कलावंत. साथीला कोणी नाही, आधी लिहिलेली रचना नाही, फक्त डबल बास आणि गज, अशी संपूर्ण तबकडी प्रसिद्ध झालेले ते पहिले वादक मानले जातात. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा. हयातीचा अर्ध्याहून अधिक काळ फ्रान्समध्ये गेला. नव्वदी ओलांडल्यावर दोन महिन्यांनी न्यू मेक्सिकोतील लास क्रूसेस येथे निधन.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते भाषांचे विद्यार्थी होते. संगीत हाच व्यवसाय करायचा, हे त्यांनी पंचविशीच्या सुमारास ठरवले. सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीतील एका बासवादकाकडे त्यांनी गजाची शास्त्रीय तालीम घेतली आणि १९६२ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. जॅझमधील बहुतेक बासवादक त्या काळी तार बोटांनी छेडत, गज क्वचित हातात घेत. फिलिप्स यांचा गजावरचा हात आधीच तयार होता आणि पुढच्या सगळ्या कामाची बैठक तीच आहे. १९६४ मध्ये लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने लॅरी ऑस्टिन यांची वाद्यवृंद व जॅझवादकांसाठीची रचना सादर केली, तेव्हा तीन एकलवादकांपैकी एक फिलिप्स होते. जुलै १९६५ मधील न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात ते सॅक्सोफोनवादक आर्ची शेप यांच्या चमूत होते. ते ध्वनिमुद्रण ‘न्यू थिंग ॲट न्यूपोर्ट’ या तबकडीच्या एका बाजूला आहे. दुसऱ्या बाजूला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आहेत.

१९६७ मध्ये ते युरोपात आले आणि तिथेच राहिले. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स नॉरलंड्स चर्चमध्ये त्यांनी एकट्याने वाजवून ध्वनिमुद्रण केले. हेतू तबकडीचा नव्हताच. अमेरिकन संगीतकार मॅक्स शुबेल यांना इलेक्ट्रॉनिक रचनेसाठी बासचे कच्चे ध्वनी हवे होते. फीत कापायची, जोडायची, तिचा वेग बदलायचा, असा बेत होता. मूळ फीत ऐकल्यावर शुबेल यांनीच तो सोडून दिला. हे आहे तसेच संगीत आहे, असे त्यांचे मत पडले आणि त्यांच्या ‘ओपस वन’ कंपनीने ते ‘जर्नल व्हायोलोन’ नावाने काढले. तेच ध्वनिमुद्रण ‘अनअकंपनीड बार’ आणि फ्रान्समध्ये ‘बास बार’ या नावांनीही निघाले. त्यामुळे या तीन वेगळ्या तबकड्या आहेत असे समजून संग्राहक एकच संगीत पुन्हा विकत घेतात.

चर्चची निवड ध्वनीच्या दृष्टीने किती योग्य होती हे वाद्याच्या मापांवरून कळते. डबल बासच्या चार तारा एकमेकींपासून चौथ्या स्वराच्या अंतराने लावतात. सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला बोलते आणि त्या स्वराची ध्वनिलहर आठ मीटरांहून लांब असते. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास अनुनाद होतो, म्हणून खर्जातला एखादा स्वर फुगून येतो आणि शेजारचा दबतो. वादकाने सारख्याच वजनाने गज ओढला तरी फितीवर तो असमान ऐकू येतो. मोठ्या वास्तूत हा दोष जवळपास उरत नाही, मात्र दुसरी अडचण उभी राहते : घुमारा लांबतो आणि जलद स्वर एकमेकांत मिसळतात. तिथे वादकाला स्वर सोडून थांबावे लागते. ‘जर्नल व्हायोलोन’मधले विराम ऐकताना हे ध्यानात ठेवावे. त्यातला बराचसा काळ वास्तू वाजत असते आणि फिलिप्स ती ऐकत असतात.

त्यांच्या वादनतंत्रात नवलाईपेक्षा नेमकेपणा अधिक आहे. डबल बासच्या तारेची बोलती लांबी साधारण १०५ सेंटिमीटर असते. तिच्या मध्यावर बोट न दाबता नुसते टेकवले की वरच्या सप्तकातला स्वर निघतो. टोकापासून ३५ सेंटिमीटरवर टेकवले तर सप्तक आणि वर पंचम. सुमारे २६ सेंटिमीटरवर दोन सप्तके वरचा स्वर. असे हार्मोनिक स्वर बोट थोडे सरकले किंवा जरा जड पडले की विझतात. गज घोडीजवळ (तारा ज्या लाकडी आधारावर टेकतात त्याजवळ) नेला की मूळ स्वर पातळ होत जातो आणि काचेसारखे वरचे स्वर पुढे येतात. तिथे गज हलका ठेवला तर ते वेगवेगळे उमटतात. वजन वाढवून वेग कमी केला तर तार खरखरते. साधारण वादकाच्या हातून ही खरखर चुकून होते. फिलिप्स तिच्यात पायरीपायरीने शिरतात आणि तशाच पायऱ्यांनी बाहेर येतात, त्यामुळे ती वाक्याचा भाग वाटते. गजाच्या काठीने तारेवर आघात करणे, घोडीच्या पलीकडचा तारेचा तुकडा वाजवणे, खोक्यावर थाप देणे हेही त्यांच्याकडे आहे, पण बेताने.

फेब्रुवारी १९७१ मध्ये बासवादक डेव्ह हॉलंड यांच्यासोबत ‘म्युझिक फ्रॉम टू बासेस’ ही तबकडी झाली. निर्माते मानफ्रेड आयशर स्वतः बासवादक होते आणि त्यांची ईसीएम कंपनी तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. दोन बास एकत्र वाजवण्यातली मुख्य अडचण म्हणजे दोघांचा टापू, म्हणजे स्वरांचा पल्ला, एकच असतो. दोघेही खर्जात छेडू लागले की नुसता गोंगाट होतो, कोण काय वाजवतो ते कळत नाही. उपाय तीन : एकाने गज धरायचा व दुसऱ्याने बोटे वापरायची, एकाने वरच्या टापूत जायचे, नाहीतर एकाने गप्प बसायचे. या तबकडीत तिन्ही ऐकू येतात, आणि तिसरा सर्वांत अवघड आहे. त्याच वर्षाच्या ध्वनिमुद्रणातून निघालेल्या ‘फॉर ऑल इट इज’मध्ये तर चार बास आणि एक तालवादक आहेत. तो प्रयोग धाडसी खरा, पण ऐकणाऱ्याची दमछाक करतो.

सॅक्सोफोनवादक जॉन सर्मन आणि तालवादक स्टू मार्टिन यांच्याबरोबर त्यांनी ‘द ट्रिओ’ हा चमू उभारला. १९७० ची त्याच नावाची दुहेरी तबकडी फिलिप्स यांच्या कामातली सर्वांत जोरकस म्हणावी लागेल. १९७६ च्या ‘माउंटनस्केप्स’मध्ये हेच तिघे डीटर फाइख्टनर यांच्या सिंथेसायझरसह आहेत, त्यातल्या आठही भागांना नावांऐवजी फक्त क्रमांक आहेत. १९७८ च्या ‘थ्री डे मून’मध्ये नॉर्वेचे गिटारवादक तेर्ये रिप्दाल आहेत आणि तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू, म्हणजे ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. पुढे ‘जर्नल व्हायोलोन २’ (ध्वनिमुद्रण १९७९), ‘म्युझिक बाय’ आणि १९८३ चे एकल ‘कॉल मी व्हेन यू गेट देअर’ आले. गिटारवादक डेरेक बेली यांच्याबरोबरचे ‘फिगरिंग’ व बासवादक बॅरी गाय यांच्याबरोबरचे ‘आर्कस’ ही द्वंद्ववादने छोट्या कंपन्यांनी काढली.

जानेवारी १९९४ मध्ये ऑस्लो येथे पियानोवादक पॉल ब्ले आणि सॅक्सोफोनवादक इव्हान पार्कर यांच्यासोबत ‘टाइम विल टेल’ झाले. ब्ले आणि पार्कर त्याआधी एकत्र वाजलेले नव्हते. दोघांशीही जुना परिचय असलेले फिलिप्स मधला दुवा होते. पियानोचा प्रत्येक स्वर उमटताच ओसरू लागतो, तर पार्कर यांचा श्वास तुटता तुटत नाही. बास गजाने धरून ठेवता येतो आणि बोटाने सोडूनही देता येतो, म्हणून या त्रिकुटात दोन्हीकडे तोंड करून उभे राहणे त्यालाच जमते. १९९६ मध्ये याच तिघांनी ऑस्ट्रियातील सांक्ट गेरोल्ड मठात पुन्हा ध्वनिमुद्रण केले. ते २००० मध्ये प्रसिद्ध झाले.

सप्टेंबर २००२ मध्ये जर्मन बासवादक पीटर कोवाल्ड यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ फिलिप्स, जोएल लेआंद्र, विल्यम पार्कर आणि तेत्सू साइतोह हे चार बासवादक कॅनडातील व्हिक्टोरियाव्हिल येथे एकत्र वाजले. ते ‘आफ्टर यूव्ह गॉन’ या नावाने उपलब्ध आहे. ‘फॉर ऑल इट इज’शी ताडून पाहावे : संख्या तीच, पण इथे चौघेही जागा सोडतात.

१९७२ पासून फिलिप्स दक्षिण फ्रान्समधील प्युजे-व्हिल येथे सांत फिलोमेन या जुन्या प्रार्थनागृहात राहत. उत्स्फूर्त संगीत शिकणाऱ्यांना एकत्र आणणारे युरोपीय केंद्र त्यांनी २०१४ मध्ये स्थापन केले. मार्च २०१७ मध्ये ला ब्युइसॉन स्टुडिओत, आयशर यांच्याच देखरेखीखाली, त्यांनी शेवटचे एकल ध्वनिमुद्रण केले. ‘एंड टू एंड’ हा तो संग्रह २०१८ मध्ये, म्हणजे लंडनच्या त्या चर्चनंतर बरोबर पन्नास वर्षांनी आला. वेग कमी आहे, वाक्ये छोटी आहेत, आणि हार्मोनिक स्वर पूर्वीपेक्षाही स्वच्छ. त्यानंतर ग्योर्गी कुर्टाग कनिष्ठ यांच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांसोबतचे ‘फास आ फास’ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

नव्या श्रोत्याने ‘एंड टू एंड’पासून सुरुवात करून मग ‘जर्नल व्हायोलोन’कडे मागे जावे; उलट क्रमाने गेल्यास पहिल्या तबकडीतला खडबडीतपणा अनेकांना दूर लोटतो. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र यातले काहीच ऐकू नये. तो खर्जाचे मूळ स्वर जवळजवळ वाजवतच नाही, गजाची खरखर तेवढी पुढे आणतो आणि वाद्य पातळ, चिडके वाटू लागते. कान झाकणारे हेडफोन किंवा मोठ्या शंकूचे स्पीकर वापरावेत, आणि आवाज इतकाच ठेवावा की गज तारेवर टेकण्यापूर्वीचा वादकाचा श्वास ऐकू येईल.