हेडसेट घालण्याआधी अंदाज लिहा

1:100 प्रमाणाच्या नकाशात 10 सेंटिमीटरची चूक कागदावर जेमतेम 1 मिलिमीटर भरते. प्रत्यक्षात तेवढ्याने कपाळ आपटतं. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावून संगणकातल्या जागेत वावरणं) शिकवायचं ते यासाठी: आपण आखलेल्या जागेत खऱ्या मापाने उभं राहता यावं.

सुरुवात जिन्यापासून करावी. मजल्याची उंची 3 मीटर, 18 रायझर (पायरीची उभी बाजू), बरोबर मध्यावर लँडिंग (दोन टप्प्यांमधला सपाट भाग). प्लॅनवर लँडिंगखाली दार सहज बसतं. पण लँडिंग 1.5 मीटरवर आहे. 150 मिलिमीटरचा स्लॅब वजा केला की खाली 1.35 मीटरच उरतात. हेडसेटमध्ये तो स्लॅब थेट छातीसमोर येतो.

मात्र डोकं कुठे अडेल, खिडकीतून काय दिसेल, हे विद्यार्थ्याने आधी कागदावर लिहिलेलं हवं. ही पायरी हमखास गाळली जाते आणि मग व्हीआर म्हणजे नुसती सहल होते. शिक्षण होतं ते अंदाज आणि अनुभव यांतल्या फरकातून.

संगणकावरचं मॉडेल हेडसेटमध्ये नेताना पहिली गडबड एककांची. मिलिमीटर मीटर म्हणून वाचले गेले, तर घर हजारपट मोठं होतं. म्हणून मॉडेलमध्ये 1 मीटरचा एक ठोकळा ठेवून आधी तो तपासावा. भिंत एका बाजूने गायब दिसली, तर तिचा पृष्ठभाग उलटा आहे. आयात केलेल्या एकाच सोफ्यात कधीकधी अख्ख्या इमारतीपेक्षा जास्त त्रिकोण (ज्यांनी मॉडेलचे पृष्ठभाग बनतात ते) असतात आणि चित्र काढायला वेळ लागतो. सेकंदाला 90 चित्रं दाखवायची तर एका चित्राला सुमारे 11 मिलिसेकंद मिळतात. ती गाठली नाहीत की दृश्य अडखळतं, मळमळतं. हातातल्या कंट्रोलरच्या स्टिकने सरकत चालल्यावरही तेच होतं, कारण डोळ्यांना गती दिसते, आतल्या कानाला जाणवत नाही. नवख्याने टेलिपोर्टच (एका जागेवरून थेट दुसरीवर उडी) वापरावं, पहिली फेरी दहा मिनिटांची. जमिनीची पातळी प्रत्येकासाठी तपासावी. ती चुकली की छत उगाच खाली वाटतं.

हेडसेटमध्ये अंतरं खऱ्याहून कमी भासतात, त्यामुळे ‘खोली लहान वाटते’ एवढ्यावर भिंत हलवू नये. तेच माप फरशीवर चिकटपट्टीने आखून चालून बघावं. हेडसेटचा पडदा उन्हाइतका उजळू शकत नाही, म्हणून डोळे दिपतील का, हेही त्यावरून ठरवू नये.

जिन्याची दुरुस्ती सेक्शनवर (उभ्या छेदाच्या नकाशावर) करावी. लँडिंगखाली 2.1 मीटर मोकळे हवेत, तर खालच्या टप्प्यात 9 ऐवजी 14 रायझर आणि वर 4. ट्रेड (पाय ठेवायची आडवी बाजू) 250 मिलिमीटरचा धरला, तर खालचा टप्पा 1.25 मीटरने लांबतो. ती जागा कुठून काढायची हे ठरलं, की पुन्हा हेडसेट.