सामाईक सातबारा आणि रानडुकराची परवानगी: अर्ज कुठे करायचा, कागद कुठले लागतात, भाऊबंद आडवे आले तर काय

आमच्या एका सातबाऱ्यावर एकवीस नावं आहेत. त्यातली सहा माणसं वारलीत, अकरा मुंबई-ठाण्याला, आणि उरलेल्या चौघांची मिळून गावात राहून शेती करणारी आम्ही दोन घरं. दसऱ्याच्या सुमारास भात कापायला आलेलं आणि एका सकाळी बघतो तर मळ्याच्या मधोमध चटई अंथरल्यासारखं भात आडवं, चिखलात खुरांचे ठसे, बांधाकडचं सुरण सगळं उकरून टाकलेलं. काका म्हणाले रानडुक्कर मारायची परवानगी काढूया, तर पलीकडच्या घरातला चुलत भाऊ म्हणाला माझ्या काजूत बंदूक घेऊन कोण शिरलं तर बघून घेईन. आणि अर्ज घेऊन वनखात्याच्या ऑफिसात गेलो तर टेबलावरच्या माणसाने सातबारा उलटसुलट करून विचारलं, बाकीच्यांची संमती कुठाय?

कोकणात ही गोष्ट घरोघरची आहे म्हणून जेवढं कळलंय तेवढं लिहितो.

पहिली गोष्ट, जी आमच्याकडे निम्म्या लोकांना माहितीच नाही. जमीन आपली म्हणून तिच्यावरचं जनावर आपलं नसतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ९ प्रमाणे शिकारीला बंदी आहे, मग जमीन एकट्याच्या नावावर असो नाहीतर एकवीस जणांच्या. आणि शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही, फासकी (तारेचा फास) लावणं, सापळा, आमिष टाकणं, हाका घालून जनावर पळवत नेणं, सगळं त्यात येतं. त्यामुळे दोन भाऊ 'इथे शिकार करायचा हक्क कुणाचा' म्हणून भांडत असतील तर खरं उत्तर असं आहे की परवानगी हातात येईपर्यंत दोघांचाही नाही.

मग परवानगी कशावर मिळते? कलम ११(१)(ख). रानडुक्कर, रोही (नीलगाय) यांच्यासारखा अनुसूची २ मधला, म्हणजे कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या यादीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल तर लेखी आदेश काढून, कारणं नमूद करून त्याला मारायची परवानगी देता येते, आणि मालमत्तेत उभं पीक धरलेलं आहे. अनुसूच्या २०२२ च्या दुरुस्तीत बदलल्या, ती एप्रिल २०२३ पासून लागू आहे, म्हणून जुन्या पुस्तकात डुक्कर अनुसूची ३ मध्ये दिसलं तर गोंधळू नका. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी जुलै २०१५ चा शासन निर्णय आहे, अर्ज वनक्षेत्रपालाकडे म्हणजे आपण ज्याला रेंजर म्हणतो त्याच्या ऑफिसात द्यायचा. उत्तराखंडात २०१६ ला केंद्राने काही भागात रानडुक्कर उपद्रवी म्हणून जाहीर केलेलं, त्याचे व्हॉट्सअप मेसेज अजून फिरतात, ते वाचून आपल्याकडे कुणी बंदूक काढू नका.

अर्ज कोण करू शकतो, तर ज्याचं पीक आहे तो. इथे सामाईकवाल्यांची खरी अडचण सुरू होते, कारण सातबारा सांगतो की सगळे मालक आहेत पण अमुक वाफा कोण कसतो ते सांगत नाही. तोंडी वाटप आजोबांच्या वेळचं असतं, फणसापासून ओहोळापर्यंत तुझं आणि अलीकडे माझं, ते कुठल्याच कागदावर नाही. यावर सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ई-पीक पाहणी. मोबाईल अॅपमध्ये सामाईक खात्यातलं स्वतःचं नाव निवडून आपण जेवढं कसतो तेवढंच क्षेत्र, तेच पीक, फोटोसकट नोंदवायचं. दरवर्षी. लोक कंटाळा करतात, पण पीक कुणाचं हा वाद उठला की हाच एक सरकारी पुरावा हाताशी असतो.

कागद म्हणाल तर डिजिटल सहीचा सातबारा (ऑनलाईन १५ रुपयांत निघतो), ८अ (खातेउतारा), आधार, बँक पासबुकची झेरॉक्स, नुकसानीचे फोटो, गावनकाशात आपली जागा खुणा करून दाखवलेली आणि सहहिस्सेदारांचं संमतीपत्र. नुकसानीची तारीख अर्जात घालाच. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं नाव असेल आणि पीक कुळाचं असेल तर अर्ज कुळाने करायचा. इतर हक्कात खाजगी वन किंवा वनसंज्ञा (म्हणजे नोंदीत वन म्हणून दाखवलेली जमीन) असं काही लिहिलेलं असेल तर आधी ते प्रकरण बघा, जमीन अभयारण्यात असेल तर नियमच वेगळे. आणि आंबोली, गेळे, चौकुळला कबुलायतदार गावकर जमिनींचा (संस्थानकाळात गावकरांना कबुलायतीवर मिळालेल्या सामाईक जमिनी) प्रश्न आहे तिथे तर सातबाऱ्यावर कसणाऱ्याचं नाव नसण्यापासूनच सुरुवात, त्यांनी तलाठ्याला सोबत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं मत.

आता संमतीपत्र. वन्यजीव कायद्याच्या कलमात कुठेही 'सर्व सहहिस्सेदारांची संमती' असे शब्द नाहीत. पण ऑफिसवाला मागतो त्यालाही कारण आहे, उद्या गोळीबार झाला आणि दुसरा मालक बोंबलत आला तर उत्तर त्याला द्यायचंय. वाद घालत बसण्यापेक्षा जेवढ्या सह्या मिळतील तेवढ्या लावा आणि जे मिळत नाहीत त्यांच्याबद्दल सरळ लिहा, की अमुक मयत, वारस नोंद बाकी, अमुक बाहेरगावी, आणि मी अर्ज फक्त माझ्या वहिवाटीतल्या क्षेत्रापुरता करतोय. आमच्याकडे यासाठी मी दोन साध्या कागदांवर मजकूर टाईप करून ठेवला आणि गणपतीत आरती झाल्यावर, सगळे चाकरमानी पडवीत बसलेले असताना सह्या घेतल्या. एरवी ज्यांना फोन लावून लावून थकलो ते पंधरा मिनिटांत उरकलं. मजकुरात दोन वाक्यं पाहिजेतच: ही संमती फक्त पीक नुकसान अर्जापुरती आहे, आणि यामुळे कुणाच्या हिश्शाला किंवा मालकीला बाध येत नाही. हे दुसरं वाक्य नसेल तर मुंबईवाला सही करत नाही, त्याला वाटतं जमीन लाटायचा डाव आहे, आणि खरं सांगायचं तर काही घरांत तसे डाव झालेलेही आहेत.

अर्जात क्षेत्र नेमकं लिहा. कायद्यातली परवानगी ही ठराविक क्षेत्रापुरती असते. सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, हिस्सा, आणि चतुःसीमा. नुसता गट नंबर घातला की तुमचं नाव अडीच एकरावर लागतं आणि मग चुलत भावाची काजू आपोआप आत येते, भांडण तिथूनच पेटतं. पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस अमक्याची वहिवाट, असं लिहिलं की त्याचाही जीव भांड्यात पडतो.

बंदुकीचा कागद हा सगळ्यातून वेगळा. शस्त्र कायदा १९५९ मध्ये शेती संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे (कलम १३) आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत हे परवाने पिढ्यानपिढ्या आहेत, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पोलीस पडताळणी होते, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत ५ वर्षं. पण शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. लोक इथेच फसतात, परवाना खिशात आहे म्हणून डुक्कर पाडतात आणि मग वनखातं विचारतं जनावराचा आदेश दाखवा. उलटंही तसंच, आदेश काकांच्या नावावर आणि बंदूक पुतण्याची असं चालत नाही, आदेशात कुणाचं नाव आहे ते बघा. जमीन सामाईक असते, बंदूक नसते. काकांची बंदूक भावाने नेली की दोघेही अडकतात. वडील वारले तर परवाना वारसाच्या नावावर करायला बाकी वारसांची ना-हरकत लागते, म्हणजे परत त्याच पडवीत त्याच सह्या. आणि निवडणुका लागल्या की बंदूक पोलीस स्टेशनला जमा करायला सांगतात, तेव्हा अर्जाची वेळ बघून करा.

जनावर मारलं गेलं तर ते कुणाचं? ज्याच्या हद्दीत पडलं त्याचं, ज्याची गोळी लागली त्याचं, असे गावातले नियम असतील आणि वाट्यांवरून डोकी फुटलेलीही पाहिलीत. कायद्यात मात्र कलम ३९ प्रमाणे कलम ११ खाली मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता. ताब्यात आल्यापासून ४८ तासांत जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा वनखात्याला कळवायचं, मागितलं तर द्यायचं. वाटे घालायचे नाहीत. जखमी होऊन दुसऱ्याच्या बागेत शिरलं तर तुमचा आदेश तिथे संपतो, मागे धावत जाण्याआधी वनरक्षकाला फोन करा. झाडीत हालचाल दिसली म्हणून डुक्कर समजून माणसावर गोळी गेल्याच्या बातम्या कोकणात नवीन नाहीत.

फासकीबद्दल एकच सांगतो. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो, बिबट्या अनुसूची १ मधला आहे, शिक्षा ३ वर्षांच्या खाली नाही, ७ पर्यंत जाते. आणि चौकशीला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो सातबारा कुणाचा हा, मग मुंबईत बसलेल्या ज्याला गावची वेस आठवत नाही त्यालाही फोन जातो. हिस्सेदार फासकी लावतोय असं दिसलं तर गप्प बसू नका, वनखात्याला लेखी कळवून पोच घ्या.

मला विचाराल तर परवानगीच्या आधी भरपाईचा अर्ज करावा. नुकसान झाल्यापासून ३ दिवसांत जवळच्या वन कार्यालयात, मग पंचनामा होतो. सामाईकात भरपाई कुणाच्या खात्यात हा प्रश्न येतोच, तेव्हा तेच संमतीपत्र, त्यात 'भरपाईची रक्कम अमुक यांच्या खात्यात जमा करण्यास हरकत नाही' एवढी ओळ वाढवा. आणि हेच पंचनामे पुढे परवानगीच्या अर्जाला जोडले की पिकाचं नुकसान खरंच होतंय हे वेगळं पटवावं लागत नाही.

आता भाऊ अडवतोच आहे, पायवाटेवर बेडं (फाटक) लावलं, कुलूप घातलं, शेतात जाऊ देत नाही. पोलीस सांगतात दिवाणी बाब आहे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. सामाईक जमिनीत एका मालकाला दुसऱ्याला सरसकट बाहेर ठेवता येत नाही, पण वर्षानुवर्षं एकाच्या ताब्यात असलेल्या तुकड्यात घुसून 'मी पण मालक' म्हणणंही कोर्टात टिकत नाही. शेतात जायची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा टाकता येतो, अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. ही मुदत गेली की दिवाणी कोर्ट, तारखा, वकील. वनखात्यात मात्र हिश्शाची तक्रार घेऊन जाऊ नका, ते त्यांचं काम नाही, आणि तिकडे वाद आहे असं दिसलं की फाईल बाजूला पडते.

कायमचा इलाज वाटप. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज, सगळ्या सहधारकांना नोटिसा, मोजणी, मग वेगळे हिस्से. कुणी मालकीवरच हरकत घेतली तर आधी दिवाणी कोर्टात निकाल, म्हणून मयतांच्या वारस नोंदी पहिल्या करून घ्या, ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज जातो. तुकडेबंदी (ठराविक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला मनाई) आडवी येऊ शकते, जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र लक्षात ठेवून हिस्से पाडा. खर्चाची बातमी चांगली आहे, शेतजमिनीच्या वाटपपत्राची नोंदणी फी माफ करायचा निर्णय मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने घेतला. आमचं अजून मोजणीवर अडलंय, सहा मयतांपैकी एकाच्या वारसांत एक आत्या बडोद्याला आहे, तिची सही आली की पुढची तारीख घ्यायची. आणि वेगळा सातबारा झाला की जुन्या क्षेत्रावर काढलेल्या परवानगीवर विसंबू नका, नवा उतारा लावून नवीन अर्ज द्या.