फिनलँडमध्ये जंगल नावावर आहे? तोडणीआधी मेत्सोत बसतंय का बघा

सासूबाई गेल्यावर जंगल नवरा, दीर आणि नणंद अशा तिघांच्या नावावर आलं आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच, लाकूडवाल्याला फोन लावू. जरा थांबा. इथे ६ लाखांहून जास्त लोकांकडे स्वतःचं जंगल आहे आणि त्यांच्यासाठी २००८ पासून मेत्सो नावाचा सरकारी कार्यक्रम चालू आहे, जंगल राखा नि भरपाई घ्या, जबरदस्ती अजिबात नाही.

पात्रता बघताना मालक कोण यापेक्षा जंगल कसलं आहे ते बघतात. एका वयाची रांगेत लावलेली पाईन सहसा बसत नाही, जुने जाड आस्पेन वृक्ष, कुजत पडलेले ओंडके, झऱ्याकाठची ओल, दलदलीतले स्प्रूस वृक्ष असं काहीतरी लागतं. आमच्याकडे एका आस्पेनच्या बुंध्याशी पिवळे तांदळासारखे दाणे दिसले, मला वाटलं कुणी पाखरांना टाकलेत, तर त्या निघाल्या उडत्या खारीच्या लेंड्या! गंमत बघा, कुजक्या ओंडक्यांमुळे जंगल पात्र ठरतं पण भरपाई ठरते उभ्या लाकडाच्या किमतीवर.

कायमचं राखायचं तर जमीन सरकारला विका नाहीतर मालकी ठेवून खासगी संरक्षित क्षेत्र करा, दोन्हीत पैसे करमुक्त. पण हे बंधन जमिनीला चिकटतं, उद्या दुसऱ्याला विकली तरी सुटत नाही. एवढं नको असेल तर फॉरेस्ट सेंटरशी (जंगलाचं काम बघणारी सरकारी संस्था) १० वर्षांचा करार होतो, त्या पैशावर मात्र टॅक्स लागतो.

सुरुवात साध्या फोनने किंवा मेलने होते, कायमच्या संरक्षणासाठी तुमच्या भागातलं पर्यावरणाचं काम बघणारं सरकारी ऑफिस, १० वर्षांसाठी फॉरेस्ट सेंटर. हाताशी जमिनीचा रजिस्टर नंबर (आपल्या गट नंबरासारखा), कुठला तुकडा द्यायचाय त्याचा नकाशा आणि केलेला असेल तर फॉरेस्ट प्लॅन ठेवा, बँकेच्या आयडीने मेत्सान डॉट एफआय या जंगलमालकांच्या साइटवर लॉगिन केलं की बरीचशी माहिती तिथेच मिळते. सामाईक जंगल असेल तर सगळ्यांची संमती हवी, सातबाऱ्यावरची भावंडं आठवा! आमचे दीर स्वीडनला, त्यामुळे मुखत्यारपत्र करावं लागलं. वाटणी झाली नसेल तर पेरूकिर्या, म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी, तीही लागते.

मग अधिकारी येऊन जंगलात फिरून बघतात, बसत असेल तर ऑफर येते, आकडा नाही पटला तर सरळ नाही म्हणा. बेरी आणि मशरूम वेचणं सहसा चालूच राहतं, शिकारीचं काय लिहिलंय ते मात्र सहीच्या आधी नीट वाचा, आमच्या नणंदेचा पहिला प्रश्न तोच होता.