चढ पाहायचा, उंची नाही: फिनलंडच्या कारखान्यांची दोनशे वर्षे

फिनलंडच्या औद्योगिक उत्पादनाचा दोनशे वर्षांचा आलेख साध्या पट्टीवर काढला, तर एकोणिसावे शतक त्यात जवळजवळ दिसतच नाही. रेषा तळाला चिकटून सरपटते आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ताठ उभी राहते. पाहणाऱ्याला वाटते, आधी काही घडलेच नाही. हा दोष पट्टीचा आहे.

वाढ चक्रवाढ व्याजासारखी चालते. दरसाल 1 टक्का वाढ शंभर वर्षे टिकली तर उत्पादन सुमारे 2.7 पट होते, 3 टक्क्यांनी 19 पट, 5 टक्क्यांनी तब्बल 131 पट! म्हणून अभ्यासक लॉगरिदमिक पट्टी घेतात. तिच्यावर 1 ते 2 आणि 50 ते 100 ही अंतरे सारखीच, कारण दोन्हीकडे दुप्पटच झाली. मग उंचीपेक्षा चढ किती, हे महत्त्वाचे ठरते.

या पट्टीवर जुना काळ जिवंत होतो. टाम्पेरे गावात दोन सरोवरांमधला तम्मेरकोस्की हा धबधब्यासारखा प्रवाह 18 मीटर खाली उतरतो. जेम्स फिनलेसन या स्कॉटिश माणसाने 1820 मध्ये त्याच्या काठी कारखाना काढला, पुढे तो मोठी सूतगिरणी झाला. 1882 मध्ये तिथे विजेचे दिवे लागले. त्याच प्रवाहावर 1865 मध्ये फ्रेडरिक इडेस्टमने लाकडाचा लगदा करणारी गिरणी घातली. तोवर कागद प्रामुख्याने चिंध्यांपासून व्हायचा. आता अख्खे जंगल कच्चा माल झाले. मला ही सुरुवात विलक्षण वाटते, कारण लगेचच, 1866 ते 1868 च्या दुष्काळात, या देशातली साधारण 8 टक्के माणसे दगावली. उद्योग श्रीमंतीतून उगवला नव्हता.

1944 च्या तहाने, दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या फिनलंडने 1938 च्या किमतीने 30 कोटी डॉलरचा माल युद्धभरपाई म्हणून सोव्हिएत संघाला द्यायचा होता. पुढे रक्कम घटली, पण मागणीत जहाजे, यंत्रे, केबल यांचा भरणा मोठा होता. 1952 पर्यंत सगळे फेडले. भरपाई हे वरदानच होते, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही; तो माल देशातल्या लोकांच्या तोंडचा घास होता. कारागिरी मात्र उरली, आणि गिऱ्हाईकही. म्हणूनच 1991 मध्ये सोव्हिएत व्यापार कोसळला, तेव्हा बँकांच्या संकटासोबत तोही घाव बसला.

कागदाचे टन आणि मोबाइलचे नग एकत्र कसे मोजायचे? प्रत्येक उद्योगाने कच्च्या मालावर घातलेली मूल्याची भर पाहून त्याला वजन देतात, आणि ही वजने वेळोवेळी बदलतात. दर्जा सुधारला की त्यामुळे किमतीत झालेला बदल वेगळा काढावा लागतो. सुमारे 56 लाखांच्या देशात एकच कंपनीही राष्ट्रीय आलेखावर उंचवटा उठवते. इडेस्टमच्या गिरणीतून वाढलेल्या नोकियाने नव्वदच्या दशकात तो उठवला. 2014 मध्ये तिचा फोन व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला.

फिनलेसनच्या विटांच्या इमारतींत आज कचेऱ्या, संग्रहालये, उपाहारगृहे आहेत. सूत निघत नाही. तम्मेरकोस्कीच्या पाण्यावर वीज अजूनही तयार होते, आणि औद्योगिक उत्पादनाच्या निर्देशांकात तीही धरतात.