साखरेचा पैसा बेटावर राहिला तेव्हा

१९६१ साली ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी मॉरिशसचा अभ्यास करून अहवाल दिला. या बेटाचा विकास शांततेत होईल अशी चिन्हं नाहीत, असं त्यांचं मत पडलं. मीड हे मोठे अभ्यासक, १९७७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शिवाय त्यांच्या मताला आधारही भक्कम होता. डीडीटी फवारून मलेरिया आटोक्यात आल्यापासून लोकसंख्या वर्षाला सुमारे ३ टक्क्यांनी वाढत होती. जमीन जेमतेम २,००० चौरस किलोमीटर, त्यातले मोठे ऊसमळे फ्रेंच वंशाच्या मोजक्या घराण्यांकडे. निर्यातीत ९० टक्क्यांहून अधिक साखर. एवढ्या हातांना काम द्यायचं कुठून?

ही अवस्था नशिबाने आलेली नव्हती, ती घडवलेली होती. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली ती मालकांना, सुमारे २० लाख पौंड. मुक्त झालेल्या माणसांच्या हाती काहीच पडलं नाही. त्यांच्या जागी हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास मजूर करारावर आणले गेले. बहुतेक बिहार आणि तमिळ-तेलुगू मुलखातले, पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांचा गणेशोत्सव आज तिथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे.

मजुरी महिन्याला ५ रुपये आणि शिधा. एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जायची. आजारी पडलेला मजूर महिनाअखेरीस मालकाचाच देणेकरी निघू शकत होता. उसाच्या शेतांत आजही काळ्या ज्वालामुखी दगडांचे उंच ढिगारे दिसतात. लागवडीसाठी ते दगड मजुरांनी हाताने वेचून रचले आहेत.

मग मीड यांचा अंदाज चुकला कशामुळे? माझ्या मते उत्तराचा गाभा साखरेच्या पैशाच्या वाटणीत आहे. १९७५ च्या लोमे करारानुसार, म्हणजे युरोप आणि त्याच्या जुन्या वसाहतींमधल्या व्यापार करारानुसार, युरोपने मॉरिशसकडून दरवर्षी सुमारे ५ लाख टन साखर ठरलेल्या भावाने घ्यायचं कबूल केलं. हा भाव बहुतेक वर्षी जागतिक बाजारापेक्षा बराच चढा असे. असा वरकड नफा अनेक मळेवाल्या वसाहतींमधून सरळ बाहेर गेला. इथे मळेमालक बेटावरच राहत होते आणि १९६८ च्या स्वातंत्र्यानंतर मजुरांच्या नातवंडांच्या मतांवर सरकार निवडून येत होतं. सरकारने मोठ्या उत्पादकांच्या साखर निर्यातीवर कर लावला. पेन्शन आणि सरकारी दवाखाने चालू राहिले, १९७७ पासून माध्यमिक शिक्षणही मोफत झालं. देशाने खडं सैन्यच ठेवलं नाही, तोही खर्च वाचला.

दुसरीकडे १९७० च्या कायद्याने निर्यात करणाऱ्या कारखान्यांना करसवलत आणि बिनशुल्क कच्चा माल मिळाला. अमेरिका-युरोपने आशियाई कपड्यांच्या आयातीवर कोटा, म्हणजे कमाल मर्यादा, लावला होता, त्यामुळे हाँगकाँगचे कारखानदार इकडे वळले. साखरेत कमावलेलं स्थानिक भांडवलही त्यात उतरलं. स्वेटर आणि टी-शर्ट शिवायला हजारो बायका पहिल्यांदाच पगारी कामाला लागल्या. त्यांचं किमान वेतन मात्र पुरुषांपेक्षा कमी ठरवलेलं होतं. या प्रगतीचा मोठा भार त्यांनी उचलला, हे विसरून चालणार नाही.

२००५ मध्ये कापडाचा कोटा संपला, पाठोपाठ युरोपने साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला. तोवर पर्यटन आणि वित्तसेवा उभ्या राहिल्या होत्या, म्हणून देश सावरला.

तरी गुलामांचे वंशज असलेले क्रिओल या वाटणीत मागेच राहिले. १९९९ मध्ये काया या क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेटभर दंगली पेटल्या. पुढे नेमलेल्या सत्य आणि न्याय आयोगाने २०११ च्या अहवालात हिरावल्या गेलेल्या जमिनींच्या तक्रारी नोंदवल्या. दरम्यान उसाच्या काही जमिनींवर परदेशी श्रीमंतांसाठी बंगले उभे राहत आहेत. जमिनीची वाटणी अजून व्हायची आहे.