पुतळा बोलायला लागतो तेव्हा फोनमध्ये नेमकं काय होतं

शनिवारवाड्यासमोरचा बाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा फोनच्या स्क्रीनवर मान वळवून बोलायला लागला की बघणारे म्हणतात एआयची कमाल आहे. पण यातलं बरंचसं काम जुन्या भूमितीचं आहे, आणि ते करायला पुण्यातली कॉलेजची पोरं सुट्टीच्या दिवशी पुतळ्याभोवती गोल गोल फिरत असतात.

याला फोटोग्रामेट्री म्हणतात. सगळ्या बाजूंनी शे-दोनशे फोटो काढायचे, असे की आधीच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग पुढच्या फोटोत परत आला पाहिजे. मग सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोत ठळक बिंदू शोधतं, म्हणजे लगामाची कडी, अंगरख्याची चुणी, खुराची कड वगैरे, तोच बिंदू दुसऱ्या फोटोत कुठे सरकलाय ते बघतं आणि त्यावरून कॅमेरा कुठे होता आणि बिंदू किती लांब होता हे दोन्ही एकदमच काढतं. बोट समोर धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटा, बोट सरकल्यासारखं दिसतं ना, तेच तत्त्व. असे लाखो बिंदू जमले की पुतळ्याचा आकार उभा राहतो.

रविवारी तिथे केवढी गर्दी असते, तरी त्याचा त्रास कमी होतो, कारण माणसं हलत असतात, त्यांचे बिंदू एका फोटोतून दुसऱ्यात जुळत नाहीत आणि बहुतेक गळून जातात. खरा त्रास धातूचा. उन्हात चकाकी आपल्याबरोबर सरकते, सॉफ्टवेअर तिलाच खरा बिंदू समजतं आणि घोड्याच्या पोटावर नसलेली टेंगळं येतात, म्हणून ढगाळ पण पाऊस नसलेली सकाळ गाठायची. शिवाय नुसत्या फोटोंवरून पुतळा वीतभर आहे की दोन मजली हे कळतच नाही, त्यासाठी चौथऱ्याची एक कड टेपने मोजून तो आकडा द्यावा लागतो.

पुढचं काम जास्त किचकट. मिळालेलं मॉडेल म्हणजे नुसती वरची साल, तीही सलग, स्वार, खोगीर, घोडा सगळं एकमेकांना चिकटलेलं. हलवायचं तर ते कापावं लागतं, आणि मांडीखाली लपलेलं खोगीर कुठल्याच फोटोत नसतं, ते हाताने घडवायचं. मग आत सांगाडा बसवायचा, त्याला रिगिंग म्हणतात, आणि शेवटी ओठ. इथे आपली वर्णमाला भारी कामाला येते, कारण ती उच्चाराच्या जागेप्रमाणेच लावलेली आहे. प, ब, भ, म ला ओठ मिटतात, तर चौघांना मिटलेल्या ओठांचा एकच आकार चालतो. ट, ठ, ड, ळ ला जीभ आत वळते, बाहेरून फारसं दिसत नाही. पण "म" ला ओठ उघडे राहिले तर बघणाऱ्याला लगेच खटकतं.

हे सगळं नीट जमलं तरी मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बाजीराव गेले 1740 मध्ये आणि फोटोग्राफी जगासमोर आली 1839 मध्ये, म्हणजे पुतळ्याचा चेहरा हीच मुळात शिल्पकाराची कल्पना, आपण तिला हलवतो. त्यावर एआयकडून लिहून घेतलेलं भाषण खर्जातल्या फिल्मी आवाजात चिकटवलं की पोरासोरांना वाटतं पेशवे खरंच असं बोलायचे. स्कॅनमध्ये एवढी काटेकोर असलेली मुलं स्क्रिप्टमध्ये अशी ढिली पडलेली बघून जीव तुटतो.

म्हणून मी भेटेल त्याला सांगते, विद्यापीठातला सावित्रीबाईंचा पुतळा घ्या. त्यांचा स्वतःचा मजकूर आहे आपल्याकडे, 1854 चा काव्यसंग्रह आहे, जोतीरावांना लिहिलेली पत्रं आहेत. 1868 च्या पत्रात नायगावहून त्या कळवतात की गावकरी एका प्रेमी जोडप्याला मारायला निघाले होते आणि त्यांनी मध्ये पडून दोघांना कसं वाचवलं. 1877 चं पत्र ओतूरचं, त्यात दुष्काळाचे हाल आहेत. एकेक पत्र दोन-तीन मिनिटांत वाचून होतं, फोन घेऊन उभं राहिलेला माणूस तेवढा वेळ नक्की थांबतो. आवाज एखाद्या मुलीने द्यावा, आणि स्क्रीनवर खाली स्वच्छ लिहावं: शब्द सावित्रीबाईंचे, ओतूर, 1877, आवाज आत्ताचा.