खारे पाणी तरंगवते, पोहवत नाही

समुद्राचे पाणी माणसाला आपोआप तरंगवते, तेव्हा तलावात एक किलोमीटर पोहणाऱ्याला समुद्रातला एक किलोमीटर सोपाच जाणार, हा समज मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील स्पर्धेत प्रथमच उतरू पाहणाऱ्या हौशी जलतरणपटूंनी किनाऱ्यावरच सोडावा, कारण तो जेमतेम अर्धा खरा आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे २.५ टक्के जड असल्याने कंबर आणि पाय किंचित वर राहतात, एवढाच त्याचा लाभ. मात्र २५ मीटरच्या तलावात एक किलोमीटरसाठी ३९ वेळा भिंतीला पाय रेटून मिळणारी फुकटची गती (आणि चोरटी विश्रांतीही) येथे नसते. तलावासारखी सरळ दिशा दाखवणारी तळाची रेघ नसल्यामुळे दर आठ-दहा हात मारल्यानंतर डोळे पाण्यावर काढून बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) शोधावा लागतो. नेमकी त्याच क्षणी लाट आडवी आली, तर तोही दिसत नाही आणि दिशा चुकून अंतर वाढते. ताशी दोन किलोमीटर पोहणाऱ्याला समोरून ताशी एक किलोमीटरचा प्रवाह लागला, तर त्याची गती थेट निम्म्यावर येते. शिवाय ज्या मिठाचे एवढे कौतुक, तेच काख आणि मान सोलवटून काढते, म्हणून अनुभवी मंडळी पाण्यात उतरण्यापूर्वी तेथे व्हॅसलीन चोपडतात.